सूत

जुनी नाकवाली गाडी. मंतरवाडीच्या वळणावर
पांढरा धूर सोडून उभी राहिली.
कामठ्यांच्या ट्रॅक्टरनं ओढत आणली,
तेव्हापासून दारात आहे, माझ्या मशीनचा उजेड अडवून.

डिपस्टिक काढली तर तेल दुधी,
चहात साय मोडावी तसं.
युनूस मिस्त्रींनी बोटावर घेऊन वास घेतला. हेड गॅस्केट.
पासष्ट हजार, आणि महिनाभर नंबर नाही.
सर्जेराव खाटेवर, मांडीपर्यंत प्लॅस्टर.
बावीस वर्षं चालवली त्यांनी,
उघडली एकदाही नाही.
"तू?" म्हणाले. हसले नाहीत, एवढं बरं केलं.

मी ब्लाउज शिवते.
शिवलेलं उसवतं, एवढंच मला माहीत,
आणि उसवताना घाई केली की कापड जातं.

पहिल्या दिवशी पाणी काढलं, तेल काढलं,
आणि एक बोल्ट. तोही रात्री साडेनऊला,
पान्याला पाइप लावून, पाय बंपरला टेकवून.
सुटला तशी मी मागं खडीवर आपटले.
खाटेवरून आवाज आला, "काय मोडलं?"
गाडीचं विचारत होते.

रेवतीनं साडीच्या खोक्यावर इंजिन काढलं,
भोकं पाडली, जिथला बोल्ट तिथं खोचला.
पुशरॉड बारा. क्रम चुकू नये म्हणून
जोडी-जोडीला मी गिऱ्हाइकांची नावं दिली:
पहिल्या सिलिंडरला मोडकबाई,
दुसऱ्याला पवळ्यांची सून,
सहाव्याला त्या शाळेतल्या, ज्या कधीच पैसे वेळेवर देत नाहीत.

बोअरवाल्यांची तिवई, चेन-पुली,
हेड वर उचललं, आणि खाली
तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये काळा ओरखडा,
करंगळीच्या नखाएवढा.
"एवढ्याशासाठी?" मी मोठ्यानं म्हणाले.

नाना पेठेत दुकानदार माझ्या मागच्याला म्हणाला, "बोला."
मागचा रसाचा पेला परत द्यायला आला होता.
मी जुनं गॅस्केट काउंटरवर पसरलं,
बायका नमुन्याचा ब्लाउज पसरतात तसं:
हुबेहूब असंच.

हेडला फेस मारून आणला, वर पट्टी ठेवली, खाली फीलर.
मिस्त्री "एक सूत" म्हणतात, मीही म्हणते,
त्यांचं मापाचं, माझं रिळाचं.
इथं सूत म्हणजे दोरखंड होता.
टॉर्क पाना युनूसनी दिला,
तारण म्हणून माझी मोठी कात्री ठेवून घेतली.
मधून बाहेर, तीन फेऱ्या, चुका न करता.

सुरू झाली. आणि वरून खडखड,
डब्यात चिंचोके हलवल्यासारखी.
युनूस आले, स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून ऐकलं.
"वर तेल येत नाही, ताई. गॅस्केट उलटं."

वीज गेली तरी बोटांनी
कापडाची सुलटी ओळखणारी मी.
त्यावर ‘टॉप’ असं ठोकलेलं होतं.
त्या रात्री जेवले नाही. सर्जेराव म्हणाले,
"दे त्याच्याकडे. होईल कर्ज थोडं."

सकाळी सहाला पहिला बोल्ट सैल केला. आता बाहेरून आत.
दाबलेलं गॅस्केट परत चालत नाही, ते नवीनच लागतं.
दुकानदार या वेळी मला म्हणाला, "बोला."
आठ दिवसांचं काम दीड दिवसात झालं,
उसवलेल्या शिवणीची भोकं सुईला सापडतात ना, तसं.

रेवती हातपंप दाबत होती,
मी पाइपच्या तोंडाशी: बुडबुडे, अजून, अजून आहेत,
थांब,
डिझेल.

गुरुवारी सुरू झाली. पहिला काळा धूर
थेट दोरीवरच्या अस्तरांवर.
सर्जेराव कुबडीवर उठून आले, मान तिरकी करून ऐकलं,
"चौथा जरा..." म्हणाले, आणि गप्प झाले.
बोल्ट एक उरलाय. कुठला, अजून कळलं नाही.
हुकांच्या डबीत ठेवलाय.

संध्याकाळी मोडकबाई आल्या,
ब्लाउज नाकाशी धरला.
"कसला गं वास?"
म्हटलं, पहिल्या सिलिंडरचा.